उघडे तळहात: भांडण मारामारीपर्यंत जाऊ नये म्हणून कसे उभे राहावे

रस्त्यावरची मारामारी पहिला फटका बसण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. दुचाकीचा आरसा घासला जातो, पार्किंगच्या जागेवरून शब्दाला शब्द लागतो, लोकलच्या दारात धक्का लागतो आणि पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात दोघेजण कसे उभे राहतात, हात कुठे ठेवतात, किती जवळ सरकतात यावर प्रसंग तिथेच मिटणार की हातघाईवर येणार हे बऱ्याच अंशी ठरून जाते. स्वसंरक्षण शिकायला नव्याने येणाऱ्यांना ठोसे आणि लाथा लवकर शिकायच्या असतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु समोरच्याला आव्हान वाटणार नाही आणि तरीही आपण बेसावध राहणार नाही अशा रीतीने उभे राहणे हा माझ्या मते पहिल्याच दिवशी शिकवण्याचा विषय आहे, कारण आयुष्यात त्याची गरज ठोशापेक्षा कितीतरी अधिक वेळा पडते.

या पद्धतीत दुबळेपणा आहे असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकाच वेळी दोन कामे करते. ती समोरच्याचा राग उतरायला वाव देते आणि त्याने हात उचललाच तर आपले डोके वाचवण्याची तयारीही आधीच करून ठेवते.

समोरचा कशासाठी आला आहे ते ओळखावे

सर्वप्रथम हा फरक मनात पक्का करावा. एका प्रकारचा माणूस मानापमानासाठी भांडतो. त्याला बघे हवे असतात, आपण माघार घेतलेली त्याला सर्वांसमोर दिसायला हवी असते. अशा भांडणाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: नजर रोखणे, ‘काय बघतोस रे?’, मग ‘तू मला ओळखत नाहीस’, चढलेला आवाज, छाती काढून जवळ येणे, तोंडासमोर बोट नाचवणे, छातीवर ढकलणे आणि शेवटी ठोसा. यातील प्रत्येक पायरीला पुढची पायरी गाठण्यासाठी आपल्याकडून काहीतरी उत्तर लागते. आपण नजर रोखली, बोटाला बोट दाखवले, ढकलल्यावर परत ढकलले की तो पुढे जातो. उत्तर मिळाले नाही तर त्याला तेथेच घुटमळावे लागते.

दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मान नको असतो, त्याला आपले पाकीट, मोबाइल, गळ्यातील साखळी हवी असते किंवा एकट्या बाईला गाठायचे असते. तो बहुधा ओरडत येत नाही. वेळ विचारतो, पत्ता विचारतो आणि बोलता बोलता जवळ सरकतो. अशा माणसापुढे नुसता सौम्यपणा उपयोगी पडत नाही, उलट सावज सोपे आहे असा त्याचा समज होतो. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे. दुसऱ्यासाठी काय बदलावे ते पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

अंतर आणि पाय

समोरच्याला आपल्याला मारण्यासाठी किमान एक पाऊल पुढे टाकावे लागेल एवढे अंतर कायम राखावे. ढोबळमानाने हे अंतर पूर्ण लांब केलेल्या दोन हातांएवढे असते. त्यामागचे कारण साधे आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीराने हालचाल करायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि हाताच्या अंतरावरून निघालेला ठोसाही जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचतो, त्यामुळे इतक्या जवळून आलेला फटका केवळ चपळाईच्या जोरावर अडवता येईल असे कोणीही समजू नये. त्याला पाऊल टाकावे लागले तर मात्र त्याचे खांदे आणि कंबर आधी हलतात आणि आपल्याला सूचना मिळते. चाकूच्या बाबतीत हा हिशेब पूर्णपणे बदलतो. अमेरिकेतील साल्ट लेक सिटीच्या पोलिसांत प्रशिक्षण देणाऱ्या डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये हे दाखवून दिले की धावत येणारा माणूस सुमारे २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपासचे अंतर दीड सेकंदात पार करतो. म्हणून समोरच्याचा एक हात मांडीमागे किंवा शर्टाखाली असेल, तर दोन हातांच्या अंतरावर विसंबून बोलत राहू नये. तेथून निघावे आणि निघता येत नसेल तर मध्ये गाडी, टेबल, कठडा असे काहीतरी आणावे.

उभे राहताना त्याच्या अगदी नाकासमोर उभे राहू नये. अर्धे पाऊल बाजूला सरकून थोडे तिरके उभे राहावे, एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धे पाऊल मागे, दोन्हींमध्ये खांद्याएवढे अंतर, गुडघे किंचित सैल. शरीर फार आडवे करू नये. मर्दानी खेळ किंवा कराटे शिकलेल्यांचे शरीर सवयीने पवित्र्यात जाते, गुडघे खाली बसतात, मुठी वर येतात आणि पाहणाऱ्याला एकच अर्थ कळतो की हा मारायच्या तयारीत आहे. बस थांब्यावर ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण जसे उभे असतो तसे दिसले पाहिजे. फरक केवळ पायांत असावा आणि तो आपल्यालाच ठाऊक असावा.

मागे सरताना लहान पावले घ्यावीत, पाय एकमेकांत अडकू देऊ नयेत आणि शक्यतो बोलत असतानाच सरावे, म्हणजे आपण घाबरून पळतो आहोत असे न वाटता ऐकण्यासाठी जागा घेत आहोत असे वाटते. सरळ रेषेत मागे गेल्यास भिंत, गटार किंवा पदपथाची कड लवकर येते. म्हणून थोडे वळण घेत सरकावे.

दुचाकीच्या प्रसंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या शहरांत नवख्या माणसावर ही वेळ बहुधा तेथेच येते. गाडीवर बसलेला माणूस सर्वांत अडचणीत असतो. दोन्ही हात हँडलवर, दोन्ही पाय गाडीच्या दोन बाजूंना, आणि एका धक्क्यात गाडीसकट खाली. कोणाला इजा झालेली नसेल आणि रस्ता मोकळा असेल तर उतरण्याचा मोह टाळून निघून जाणे उत्तम. उतरावेच लागले तर तो ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने उतरावे, म्हणजे गाडी दोघांच्या मध्ये राहते. हेल्मेट डोक्यावरच ठेवावे, मात्र पुढची काच वर करून चेहरा दिसू द्यावा आणि गॉगल असेल तर काढावा. हेल्मेट काढून हातात धरणे ही फार मोठी चूक आहे: आपण ते सहज धरलेले असते, पण समोरच्याला आणि चौकातल्या कॅमेऱ्याला ते हत्यारच दिसते. किल्ली मुठीत ठेवू नये, खिशात टाकावी, आणि तीही तो जवळ येण्याआधी. कारण ऐन भांडणात खिशात गेलेला हात पाहून कोणीही दचकतो.

हात

सगळ्या विषयाचा गाभा हातांत आहे. कोपरे बरगड्यांच्या जवळ, हात छाती आणि हनुवटीच्या मध्ये, तळहात उघडे, बोटे सैल आणि एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर पुढे अशी ठेवण असावी. तळहात समोरच्याच्या तोंडावर रोखलेले नसावेत. वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसा ताठ पंजा दाखवला की तो हुकूम वाटतो. तळहात थोडे खाली झुकवावेत आणि बोलताना हात जसे नैसर्गिकपणे हलतात तसे हलू द्यावेत. इंग्रजी प्रशिक्षणात या ठेवणीला ‘फेन्स’ म्हणतात.

या एका ठेवणीतून मिळणारे फायदे पाहावेत. समोरच्याला आपले हात रिकामे आहेत हे स्पष्ट दिसते. आपले हात डोक्याच्या जवळ असल्याने फटका आल्यास ते खालून उचलावे लागत नाहीत. पुढचा हात अंतर मोजण्याचे काम करतो: त्याची छाती आपल्या बोटांना लागली म्हणजे तो फार जवळ आला हे डोळ्यांआधी हाताला कळते आणि आपण पुन्हा पाऊल मागे घेतो. त्याने एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा त्या हातावर चालून यायला सुरुवात केली, तर त्याला बोलण्यात रस उरलेला नाही हेही त्यातूनच कळते.

आता हातांच्या चुका. खिशातले हात आणि पाठीमागचे हात संशय निर्माण करतात. हाताची घडी घातल्यास उद्धटपणा दिसतो आणि ती सोडवायलाही वेळ लागतो. कमरेवरचे हात, तोंडासमोरचे बोट, आवळलेल्या मुठी आणि बाह्या सरसावणे यांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. समोरच्याला हात लावू नये. ‘जाऊ दे ना’ म्हणत खांद्यावर ठेवलेला हात मित्रांमध्ये चालतो, परंतु तापलेल्या अनोळखी माणसाला तोच स्पर्श पहिला हल्ला वाटू शकतो. मोबाइल काढून त्याच्या तोंडासमोर चित्रण सुरू करणेही याच वर्गातले आहे. चित्रण व्हायला हवे असेल तर ते बाजूच्या माणसाला करू द्यावे.

आपल्याकडे हात जोडण्याची पद्धत आहे आणि ती या कामासाठी फार उपयोगी आहे, कारण जोडलेले हात आपोआप छातीसमोर येतात आणि बघ्यांनाही आपली बाजू लगेच कळते. मात्र त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जोडलेले हात छातीला चिकटवू नयेत, वीतभर पुढे धरावेत आणि क्षणभराने सोडून पुन्हा उघड्या तळहातांवर यावे, कारण एकमेकांत गुंतलेले तळहात अंतर राखू शकत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मान तिरकी करून, ओठ दुमडून, ‘हात जोडले बाबा तुमच्यापुढे’ या सुरात केलेला नमस्कार शिवीपेक्षाही जास्त झोंबतो. हात जोडायचे असतील तर मान किंचित खाली आणि चेहरा सरळ असावा. मनात राग मावत नसेल तर हात न जोडलेलेच बरे.

नजर, श्वास, आवाज

डोळ्यांत डोळे घालून पाहत राहणे हे आव्हान असते आणि जमिनीकडे पाहत राहिल्यास त्याचे हात दिसत नाहीत. नजर त्याच्या गळ्याच्या खाली, दोन्ही खांदे दिसतील अशी ठेवावी आणि बोलताना मधूनमधून चेहऱ्याकडे न्यावी. तेथून हात, खांदे आणि आजूबाजूची माणसे सगळे एकाच वेळी टप्प्यात राहते. हसू नये. ताणाखाली येणारे हसू आपल्याला ओशाळे वाटत असले तरी समोरच्याला ते हिणवणारे वाटते.

अशा वेळी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात आणि बाजूचे दिसेनासे होते. हा भित्रेपणा नव्हे; शरीरात ॲड्रेनालिन सुटले की प्रत्येकाचे असेच होते आणि सरावलेल्या माणसाचेही होते. त्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे लांब उच्छ्वास. नाकाने श्वास घेऊन तो तोंडाने, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडावा. उच्छ्वासाबरोबर कानांपर्यंत चढलेले खांदे खाली येतात, आवळलेला जबडा सुटतो आणि तेवढ्यानेही आपले दिसणे बदलते.

आवाज त्याच्यापेक्षा खालच्या पट्टीत आणि संथ असावा, पण पुटपुटणे नसावे. वाक्ये लहान ठेवावीत. तो अरे-तुरेवर आला असला तरी आपण अहो-जाहो सोडू नये. ‘दादा’, ‘भाऊ’, ‘काका’ अशी हाक मारावी. ‘शांत व्हा’ हे वाक्य टाळावे, कारण ते ऐकून शांत झालेला माणूस विरळाच. ‘दादा, चुकलं असेल माझं, मी निघतो’ यासारखे वाक्य आधीच ठरवून ठेवलेले बरे, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. सोबत मित्र असेल तर त्याने आपल्या बाजूला थोडे मागे उभे राहावे. तो समोरच्याच्या पाठीमागे गेला की त्या माणसाला आपण घेरले गेलो असे वाटते आणि मग आपल्या उघड्या तळहातांना काही किंमत उरत नाही.

निघणे

हे सारे निघून जाण्यासाठी आहे, वाद जिंकण्यासाठी नाही. म्हणून उभे राहतानाच कुठून आणि कुठे जायचे ते पाहून ठेवावे: उजेडातले दुकान, पेट्रोल पंप, सोसायटीचा पहारेकरी असलेले फाटक. समोरच्याला बघ्यांसमोर मान राखून मागे फिरता आले पाहिजे, त्यामुळे शेवटचा शब्द त्यालाच घेऊ द्यावा. लगेच पाठ फिरवू नये. चार-पाच पावले तिरके चालत, तो नजरेत राहील असे जावे आणि मग वळावे. पाठीमागून आईबहिणीवरून शिवी येण्याची शक्यता असते आणि तेथे थांबून वळून पाहण्याचा मोह आवरणे हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग आहे. वळलात की मघाचा क्रम पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू होतो.

जमत नसेल तेव्हा

काही खुणा दिसल्या की बोलण्याची वेळ संपत आली असे समजावे. बडबडणारा माणूस एकदम गप्प होणे किंवा तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागणे, जबडा आवळणे, चेहरा पांढरा पडणे, कोणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे नजर टाकणे, तोंडावरून हात फिरवणे, एक खांदा मागे जाणे, हातातले घड्याळ काढणे किंवा पिशवी मित्राकडे देणे. यातील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर सौम्य स्वर सोडावा, एक पूर्ण पाऊल मागे घ्यावे, पुढचा हात आणखी पुढे न्यावा आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे, ‘मागे व्हा! मला भांडायचं नाही!’ तळहात अजूनही उघडेच असावेत.

त्यामागे कायद्याचेही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० प्रमाणे, समोरच्याला आता आपल्यावर बळाचा वापर होणार असे वाटेल अशा हेतूने किंवा तसे वाटण्याची शक्यता आहे हे माहीत असताना केलेला हावभावही हमला ठरतो आणि मूठ उगारणे हे त्या कलमाखाली दिलेले उदाहरणच आहे. नुसते शब्द हमला ठरत नाहीत, परंतु शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो. स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे, पण कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ होता तेथे हा हक्क मिळत नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात बहुधा आवाज नसतो आणि बघ्यांचे मोबाइल भांडण रंगात आल्यावर सुरू होतात. आपण किती नम्रपणे बोललो हे त्यात ऐकू येणार नाही. उघडे हात आणि मागे पडलेली पावले मात्र दिसतील.

लुटारू, पाठलाग करणारा, नशेत असलेला

चाकू दाखवून पाकीट मागणाऱ्यापुढे हात दिसतील असे वर ठेवावेत आणि प्रत्येक हालचाल आधी बोलून मग करावी: ‘पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो.’ ते सावकाश काढावे, त्याच्या हातात न देता थोडे लांब टाकावे आणि उलट दिशेने निघावे. पैसे परत कमावता येतात.

पाठलाग करणाऱ्या किंवा अंगचटीला येणाऱ्या माणसापुढे स्त्रियांनी समजुतीचे हसू, खाली घातलेली मान आणि हळू आवाज यांचा आधार घेऊ नये, कारण अशी माणसे त्याचा अर्थ सोयीने लावतात. येथे ताठ उभे राहावे, पंजा सरळ पुढे करावा आणि मोठ्याने ‘ओ, लांब उभे राहा!’ असे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. ‘ओ’ म्हटल्याने तो अनोळखी आहे हे आजूबाजूच्यांना कळते आणि घरगुती भांडण समजून लोक दुर्लक्ष करत नाहीत. मदतीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत.

नशेत असलेल्या माणसाला अंतर जास्त द्यावे, हालचाली आणखी संथ कराव्यात आणि त्याला काही पटवून देण्याच्या फंदात पडू नये.

सराव

वाचून हे अंगी येणार नाही. आरशासमोर उभे राहून हातांची ठेवण करावी आणि ठरवलेले वाक्य मोठ्याने म्हणत मागे सरावे. बोलणे आणि पाऊल एकाच वेळी जमायला बहुतेकांना अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात. त्यानंतर जोडीदार घ्यावा. त्याने ओरडत, बोट नाचवत जवळ यावे आणि आपण अंतर, तिरकेपणा आणि उघडे हात सांभाळावेत. कोणाला त्रास झाल्यास थांबण्याचा शब्द आधी ठरवून घ्यावा, कारण खोट्या शिव्यांनीही खरा राग येतो.

या सरावाचे मोबाइलवर चित्रण करून ते आवाज बंद ठेवून अशा माणसाला दाखवावे ज्याला प्रसंग माहीत नाही आणि विचारावे की यातला भांडणारा कोण. त्याने आपल्याकडे बोट दाखवले किंवा तो गोंधळला, तर काय खटकले ते विचारून तेवढेच दुरुस्त करावे. बहुधा तो हनुवटी, ताठ बोटे किंवा पुढे गेलेला खांदा दाखवतो. शेवटचे काही सराव रोजच्या कपड्यांत, रोजच्या चपलांत आणि खांद्याला पिशवी लावून करावेत, कारण मागे सरताना चप्पल निसटते का आणि हात वर नेताना पिशवीचा पट्टा कोपरावर घसरतो का, हे घरीच कळलेले चांगले.